हात अडतो खांद्यात, कारण असते पाठीत

यंदा गुढीपाडव्याच्या सकाळी आमच्या कट्ट्यावरच्या एकाच्या घरी अडचण झाली. काठी नेहमीचीच, तांब्या नेहमीचाच, साडीही नेसवून झालेली. पण काठी उचलून गॅलरीच्या वरच्या कडीला बांधायची वेळ आली तेव्हा त्याचा उजवा हात कपाळाच्या वर जाईना. शेवटी सुनेने स्टुलावर चढून गुढी बांधली. आमचा हा मित्र त्या दिवशी श्रीखंड खातानासुद्धा गप्प होता.

आम्ही म्हणजे कामाटीबागेत सकाळी फिरायला येणारे पाच निवृत्त. दोघे बँकेतले, एक रेल्वेतला, एक शाळेतला आणि एक विम्यातला. वैद्यकीचा आमच्यात कोणालाच गंध नाही. हा लेख लिहिणारा तर बी.कॉम.; शरीराचा अभ्यास दाढी करताना आरशात होतो तेवढाच. पण या हाताच्या प्रकरणाने, आणि नंतर आमच्यातल्याच एका वहिनींच्या ऑपरेशनमुळे, एका स्नायूबद्दल आम्ही गेले सहा महिने वाचतो आहोत, डॉक्टरांना विचारतो आहोत, एकमेकांच्या पाठी चाचपून पाहतो आहोत. (बागेतली मंडळी आमच्याकडे जरा विचित्र नजरेने बघतात, पण ते असो.) मंडळाच्या सभासदांत साठीच्या पुढचे बरेच आहेत, म्हणून जे कळलं ते इथे मांडतो.

हात वर जाईना म्हटल्यावर पहिली शंका हृदयाची आली. हात दुखला की आपल्या वयात ती यायलाच हवी. छाती, जबडा किंवा डाव्या हातात कळ येत असेल, घाम फुटत असेल, दम लागत असेल, तर हा लेख वाचत बसू नका, सरळ दवाखान्यात जा. मित्राचा ईसीजी ठीक निघाला. मग ज्याने त्याने 'फ्रोझन शोल्डर' असं निदान केलं, कारण हा शब्द सर्वांना माहीत असतो आणि मधुमेह असलेल्यांना तो आजार जास्त होतो हेही सर्वांना माहीत असतं. मित्राला मधुमेह आहेच. तिसरा सल्ला नातवाचा. त्याने आजोबांना जिममध्ये नेलं. तिथल्या शिकवणाऱ्या मुलाने त्यांना वरून लोंबणारी दांडी दोन्ही हातांनी धरून मानेच्या मागे खेचायला लावली. दोन दिवसांनी खांदा इतका दुखू लागला की शर्टाची बाही घालणं मुश्कील झालं. जिमचं नाव घेत नाही. मुलगा मनाने चांगला होता, पण ज्या स्नायूने हात अडवला होता त्याच स्नायूला तो आणखी घट्ट करत होता, आणि तेही खांद्याच्या सर्वांत गैरसोयीच्या कोनात.

अखेर एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे गेलो. आम्ही पाचहीजण गेलो होतो, त्यामुळे तिच्या छोट्या खोलीत गर्दी झाली. तिने आधी मित्राला उभं केलं, कोपर कमरेला चिकटवून काटकोनात वाकवायला सांगितलं आणि पंजा बाहेरच्या बाजूला वळवून पाहिला. सहज वळला. ती म्हणाली, "काका, फ्रोझन शोल्डरमध्ये हे आधी अडतं. माझ्या हातानेसुद्धा वळलं नसतं. तुमचं वळतंय." मग तिने स्वतः त्याचा हात हळूच वर उचलून पाहिला. खांद्यातला एखादा बारीक स्नायू फाटला असेल तर माणसाला स्वतःला हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर बराच वर जातो. इथे तसंही नव्हतं. आपण उचला की दुसऱ्याने उचलावा, अडायचं एकाच जागी.

मग तिने त्याला टेबलावर उताणं झोपवलं, गुडघे वाकवले आणि दोन्ही हात डोक्यावरून मागे न्यायला सांगितले. हात चक्क बराच मागे गेला. आम्ही खूश झालो. ती म्हणाली, "हात नका बघू, कंबर बघा." कंबर टेबलापासून वीतभर उचलली गेली होती. तिने कंबर खाली दाबून धरली आणि पुन्हा हात न्यायला सांगितला. आता हात कानाच्या बराच अलीकडे थांबला. "खांद्याचा सांधा बरा आहे," ती म्हणाली, "ओढून धरलंय ते पाठीने."

खांदा पाठीला बांधलेला आहे, आणि तो थेट कमरेपर्यंत बांधलेला आहे, हे आम्हाला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

ज्याने तो बांधलेला आहे त्याचं नाव लॅटिसिमस डॉर्साय. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'पाठीचा सर्वांत रुंद'. जिममधली मुलं त्याला नुसतं 'लॅट्स' म्हणतात. आपण पाठीचा रुंद स्नायू म्हणू. तो दोन्ही बाजूंना एकेक असतो. छातीच्या 12 मणक्यांपैकी खालचे 6, त्याखाली कमरेचे मणके, त्रिकास्थी, कमरेच्या हाडाची मागची कड आणि खालच्या तीन-चार बरगड्या, एवढ्या मोठ्या प्रदेशातून त्याचे तंतू निघतात. पाठीच्या खालच्या भागात तो थेट मांसल नसतो, एका जाड पांढऱ्या चिवट पडद्यातून सुरू होतो. तिथून हा सगळा पसारा पंख्याच्या मिटत्या पात्यांसारखा वर आणि बाहेर जात अरुंद होतो, खवाट्याचं खालचं टोक पट्ट्यासारखं दाबून पुढे सरकतो, काखेतून जातो आणि दंडाच्या हाडाच्या वरच्या भागात, तेही पुढच्या बाजूला, एका खाचेत जाऊन रुततो. अर्धी पाठ व्यापणारा स्नायू शेवटी दोन-तीन बोटं रुंदीच्या पट्टीत संपतो.

तो स्वतःच्या अंगावर कुठे आहे हे पाहायचं असेल तर हात थोडा बाजूला उचला आणि दुसऱ्या हाताने काखेच्या मागची जाड वळी चिमटीत धरा. ती मुख्यतः त्याचीच. आता ती धरूनच जोरात खोका. वळी चिमटीत टणक होईल. जोराचा श्वास बाहेर टाकताना हा स्नायू बरगड्या आवळतो. आठवडाभर खोकला झाल्यावर पाठीच्या दोन्ही बाजू का दुखतात, याचं उत्तर आम्हाला असं बागेच्या बाकावर मिळालं.

यात आणखी एक गंमत आहे. काखेतून जाताना या स्नायूला पीळ पडतो. कमरेकडून येणारे तंतू दंडाच्या हाडावर वरच्या बाजूला लागतात आणि वरच्या मणक्यांकडून येणारे खालच्या बाजूला. हात डोक्यावर नेला की हा पीळ सुटतो. आणि स्नायू पाठीकडून येऊन हाडाच्या पुढच्या बाजूला लागतो म्हणून भोवऱ्याला जाळी गुंडाळावी तसा तो हाडाभोवती आलेला असतो. जाळी ओढली की भोवरा फिरतो. हा स्नायू ओढला की दंड आतल्या बाजूला वळतो.

त्याची कामं आता आपोआप कळतील. तो हात वरून खाली आणतो, पुढून मागे नेतो, बाहेरून अंगाकडे ओढतो आणि आत वळवतो. लाकूड फोडताना कुऱ्हाड खाली येते ती त्याच्या जोरावर. विहिरीवरून पोहरा ओढणाऱ्या आपल्या आज्यांच्या पाठी आठवा. एक हात वर दोर पकडायचा, खाली ओढायचा, मग दुसरा. उखळात मुसळ मारणं, पोहताना पाणी मागे सारणं, बसच्या दांडीला धरून वर चढणं, सगळीकडे हाच. आम्हा निवृत्तांची एक खास चाल असते, दोन्ही हात पाठीमागे गुंफून बागेत फिरायचं. हात मागे, आत वळलेला, अंगाशी लागलेला. या स्नायूची तिन्ही कामं त्या एका ऐटीत आहेत.

पण खरी मौज उलट दिशेची आहे. हात जागच्या जागी पक्का धरला की हाच स्नायू हाताला अंगाकडे न आणता अंगाला हाताकडे नेतो. आपल्याकडचा मल्लखांब म्हणजे हेच. मल्लखांबाचा पुनरुज्जीवक म्हणून दुसऱ्या बाजीरावाच्या पदरचे बाळंभटदादा देवधर यांचं नाव घेतात. आमच्या वडोदऱ्यात ही परंपरा जुम्मादादा व्यायाम मंदिराने, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडच्या माणिकरावांच्या आखाड्याने, वाढवली. आमच्यातल्या दोघांचे वडील त्या आखाड्यात जात. दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांचा अनेक खंडांचा व्यायामज्ञानकोशही बडोद्यातूनच निघाला; पूर्वी मराठी घरांतून त्याचे एक-दोन खंड असायचेच. मल्लखांबावरची मुलं पाहा. हातांची पकड खांबावर, आणि कमरेखालचं सगळं शरीर वर खेचलं जातं. खांदा आणि कंबर यांना थेट जोडणारा स्नायू नसता तर ते जमलंच नसतं.

मल्लखांब आता आपल्याला करायचा नाही. पण खुर्चीच्या हातांवर तळवे टेकून उठणं आपण रोज करतो. तेव्हा हात खाली दाबला जातो आणि धड वर उचललं जातं, तेही याच स्नायूच्या मदतीने. गुडघे कुरकुरू लागले की हा स्नायू किती कामाचा आहे ते कळतं. कुबड्यांवर चालणाऱ्यांचा तर तो मोठा आधार. याला मज्जातंतू मिळतो तो मानेतून, सहाव्या ते आठव्या मज्जामुळांतून; आणि हा लागलेला असतो कमरेच्या हाडाला. म्हणून छातीच्या पातळीवर मज्जारज्जूला इजा होऊन पाय निकामी झाले, तरी मानेतून येणारा हा तंतू शाबूत राहतो, आणि कुबड्या टेकून माणूस या स्नायूने कमरेचं हाड उचलून पुढे टाकू शकतो.

आता मित्राच्या हाताकडे येऊ. हात वर करण्याचं काम या स्नायूचं नाही, ते खांद्यावरच्या इतर स्नायूंचं. हात पूर्ण वर जातो, म्हणजे साधारण 180 अंश, तेव्हा ढोबळमानाने 120 अंश खांद्याच्या सांध्यात घडतात आणि 60 अंश खवाटा फिरल्यामुळे मिळतात. पाठीच्या रुंद स्नायूने त्या वेळी फक्त लांब व्हायचं असतं. आम्ही बँकवाले, त्यामुळे आम्हाला हे लगेच पटलं: एका बाजूला जमा तर दुसऱ्या बाजूला नावे. एक स्नायू आखडतो त्याच वेळी समोरचा सैल पडला नाही, तर हिशेब जुळत नाही. आणि हिशेब जुळत नाही तेव्हा शरीर, आमच्या एका जुन्या हेड कॅशिअरसारखं, कुठून तरी फरक भरून काढतं. ते कंबर पुढे वाकवतं. मित्राला दोन वर्षं माळ्यावरचा डबा काढला की कंबर धरायची, आणि तो गादी बदलत होता.

स्नायू आखडला कशाने? फिजिओ मुलीने त्याला उलट विचारलं, "गेल्या वर्षभरात हात पूर्ण डोक्यावर किती वेळा नेलात?" मित्राला आठवेना. पस्तीस वर्षं काउंटर, लेजर, मग कॉम्प्युटर. हात सदैव टेबलाच्या उंचीवर. घरी कपडे वाळत घालायची दोरी कप्पीने खाली येते. पंखा पुसायला माणूस येतो. सूर्यनमस्कार शाळेत घातले तेवढेच, आणि त्यांची सुरुवातच हात वर ताणून होते. घरातल्या बायकांचे हात वरच्या फळीपर्यंत दिवसातून दहादा जातात. निदान आमच्या पाच घरांत तरी ही तक्रार पुरुषांचीच निघाली.

तिने दिलेले व्यायाम साधे होते. ओट्याच्या किंवा टेबलाच्या कडेवर दोन्ही तळवे ठेवायचे, पावलं मागे घ्यायची, आणि कंबर मागे ढकलत धड खाली झुकवायचं, डोकं दोन दंडांच्या मधे येईल असं. काखेपासून बरगड्यांच्या कडेने ताण जाणवला पाहिजे. खांद्याच्या टोकाला टोचलं तर थांबायचं. वीसेक सेकंद, श्वास सोडत, तीन-चार वेळा. मग तळवे एका बाजूला थोडे सरकवून तेच, म्हणजे एकेका बाजूला जास्त ताण बसतो. दुसरा, गुडघे वाकवून उताणं झोपायचं, कंबर गादीला टेकलेली ठेवायची आणि हात डोक्यावरून जेवढे जातील तेवढेच न्यायचे. कंबर उचलली की तो व्यायाम धरायचा नाही. इथे मित्राची बायको परीक्षक असते आणि ती सूट देत नाही. ताण सुटू लागल्यावर तिने रबरी पट्टा खिडकीच्या गजाला बांधून पुढून छातीकडे ओढायला सांगितला, कारण नुसता सैल स्नायूही उपयोगाचा नाही. जिममधली ती दांडी वाईट नाही, पण ती पुढे, छातीच्या वरच्या भागाकडे खेचायची, मानेमागे नाही. प्रत्येकाचा खांदा वेगळा, तेव्हा आधी कोणाला तरी दाखवा. रात्री झोपेतून जाग येईल असं दुखत असेल, पडल्यानंतर हात उचलेनासा झाला असेल किंवा हाताला मुंग्या येत असतील, तर हे घरगुती प्रयोग नकोतच.

हे सगळं चालू असताना आमच्यातल्या दुसऱ्या एकाच्या घरी मोठी गोष्ट घडली. वहिनींना स्तनाचा कर्करोग निघाला. त्यांनी स्वतः वाचून, दोन ओळी खोडून, हे लिहायला परवानगी दिली आहे. सर्जनने सांगितलं की स्तन काढावा लागेल, आणि हवं असेल तर पाठीचा एक स्नायू पुढे आणून तिथे भर घालता येईल. वहिनींनी घरी येऊन विचारलं, "कोणता स्नायू?" मित्राने कागद पुढे केला. त्यावर तेच नाव होतं.

ही शस्त्रक्रिया जुनी आहे. इटालियन सर्जन इजिनियो तानसीनी यांनी ती 1906 मध्ये मांडली, पुढे ती विस्मरणात गेली आणि 1970 च्या दशकात पुन्हा वापरात आली. ती जमते कारण या स्नायूचा मुख्य रक्तपुरवठा एकाच ठिकाणाहून, काखेतून, आत शिरतो. म्हणून स्नायूचं पाठीकडचं बूड सोडवलं आणि काखेतली रक्तवाहिनी तशीच राखली, तर तो जिवंत राहतो आणि काखेखालून पुढे छातीवर वळवता येतो. सर्जनांना हा स्नायू फार आवडतो असं दिसतं. 1985 मध्ये पॅरिसमध्ये कार्पांतिए आणि शाकेस या डॉक्टरांनी तो दुबळ्या हृदयाभोवती गुंडाळून, विजेच्या ठोक्यांनी हृदयाबरोबर आकुंचन पावायला लावला होता. ती पद्धत पुढे मागे पडली. 1988 मध्ये स्वित्झर्लंडच्या गर्बर यांनी, खांद्याच्या वरचे स्नायू दुरुस्त न होण्याइतके फाटले असता, याचंच टोक सोडवून दुसरीकडे बसवायची रीत सांगितली. हात आत वळवणाऱ्या स्नायूला त्यांनी हात बाहेर वळवायला लावलं. ती आजही करतात.

वहिनींचा प्रश्न या इतिहासाचा नव्हता. त्या म्हणाल्या, "पुढे आणला तर मागे काय उरतं? मला कणीक मळता येईल का, नातीला उचलता येईल का?" आम्हाला उत्तर माहीत नव्हतं, आणि अशा प्रश्नाला अंदाजाने उत्तर द्यायचं नसतं. आम्ही तो कागदावर लिहून त्यांच्याबरोबर सर्जनकडे पाठवला. सर्जनने दहा मिनिटं देऊन सांगितलं. या स्नायूच्या वरच्या कडेलाच एक आखूड, जाड स्नायू असतो, टेरीस मेजर. तो जवळजवळ हीच कामं करतो. त्याच्यामुळे आणि छातीच्या स्नायूमुळे रोजची बहुतेक कामं सुरळीत चालतात. कणीक मळणं, केस विंचरणं, लिहिणं यांत फारसा फरक पडत नाही. जड वस्तू वरून खाली ओढणं, पोहणं, हातांवर भार देऊन उठणं यांत ताकद कमी पडते. खांदा काही महिने आखडतो, म्हणून व्यायाम डॉक्टर सांगतील तेव्हापासून चुकवायचे नाहीत. आणि ज्यांना कुबडी किंवा वॉकर लागतो किंवा लागण्याची शक्यता आहे, त्यांच्या बाबतीत सर्जन दोनदा विचार करतात.

वहिनींचे दोन्ही गुडघे खराब आहेत. खुर्चीतून उठताना त्या हातांवरच उठतात. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि पाठ जशी आहे तशी ठेवायचं ठरवलं. वय चाळीस असतं तर कदाचित वेगळं ठरवलं असतं, असंही त्या म्हणाल्या. ज्यांनी दुसरा निर्णय घेतला अशा एक बाई त्यांना दवाखान्यात भेटल्या. त्याही समाधानी आहेत आणि त्यांचा हात छान वर जातो. हा ज्याचा त्याचा हिशेब आहे. पण हा प्रश्न विचारायचा असतो हेच पुष्कळांना माहीत नसतं, म्हणून इथे लिहिलं.

स्तन काढल्यावर काखेतल्या गाठीही काढतात. याच स्नायूला जाणारा मज्जातंतू तिथून जातो; सर्जन तो जपून वाचवतात. तरीही ऑपरेशननंतर काख आणि छातीची बाजू आखडतेच. वहिनी आता सकाळी भिंतीपाशी उभ्या राहून बोटांनी भिंतीवर वर चढतात, आणि जिथे पोहोचल्या तिथे पेन्सिलीने खूण करतात. भिंतीला नुकताच रंग दिला होता, पण आमच्या मित्राने तक्रार केलेली नाही. शेवटची खूण स्विचबोर्डाच्या वर चार बोटं आहे.

पाडव्याच्या मित्राचा हात आता कानापर्यंत येतो, कंबर न उचलता. दसऱ्याला दाराला तोरण त्याने स्वतः बांधलं. थोडं तिरकं होतं. सुनेने ते सरळ केलं नाही.